फिटिंग

शेवटचे साडेचार हजार पाकिटात घालून
मशीनच्या खणात ठेवले होते, बॉबिनांच्या शेजारी.
आधी खिडकी पाहीन, मग देईन.

बोंडेवहिनींनी बजावलं होतं:
त्यांच्याकडच्या माणसानं सिलिकॉन असं फासलं
जशी लेकराच्या नाकाखाली वाळलेली रेघ,
आणि पहिल्याच वावधानात
अख्ख्या जामनेर रोडची धूळ दिवाणावर.

मला खिडक्यांतलं काय कळतं.
मला ब्लाउजातलं कळतं.
काखेत ओढतंय का, हे बाईनं हात वर करायच्या आत दिसतं,
तीस वर्षं झाली.
म्हणून गळ्यातली टेप काढली
आणि कोपरा ते कोपरा धरली, तिरकी.
साठ इंची टेप, कशीबशी पुरली.
एकोणसाठ आणि तीन सूत.
मग दुसरा तिरका. एकोणसाठ, तीन सूत.

नावेद पिंजारी काही बोलला नाही.
सावद्याचा पोरगा, भुवयांवर सिमेंट.
भिकनला फक्त म्हणाला, चहा पिऊन घे.

शटर एका बोटानं सरकलं.
मासिकाचं पान फाडून मधे धरलं, बंद केलं, ओढलं.
पान फाटलं, सुटलं नाही.
खालच्या पट्टीत दोन बारीक भोकं.
ही बुजवायची राहिली, मी म्हटलं.
राहू द्या मावशी, पाणी तिथूनच जातं.
तांब्याभर ओतून पाहिलं.
गेलं बाहेर, निमूट.
मग उदबत्ती पेटवून कडेकडेनं फिरवली,
देवाला फिरवावी तशी नाही,
चोर शोधावा तशी.
धूर सरळ वर.

आणि तरी सापडलं.
डावीकडे, चौकट आणि भिंत यांच्यात,
वर करंगळीएवढी फट, खाली येईस्तोवर अंगठ्याएवढी.
फोम भरलेला. पण फट ती फट.
असं काही माझ्या हातून गेलं असतं
तर गिऱ्हाइकानं ब्लाउज तोंडावर फेकला असता.
हे काय, मी म्हटलं,
आणि खण बंद केला.

त्यानं पिशवीतून ओळंबा काढला.
चौकटीला लावला. दोरा चौकटीला धरून उभा.
मग भिंतीला लावला.
दोरा वरून निघाला
आणि खाली येता येता भिंत त्याच्यापासून लांब गेली.
भिकन बशीतून मान वर न करता म्हणाला,
भिंत वाकडी शे, मावशी. खिडकी नही.

भिंत आप्पांची.
लोको शेडातून मोकळा मिळेल त्या रविवारी
गवंडी न लावता रचलेली.
मी सातवीत, टाकीत विटा भिजवायचे.
ओळंबा होता आमच्याकडे, पितळी, गाजरासारखा.
मी शाळेत नेला होता, दाखवायला.
परत आणला नाही.
आप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला काय माहीत.
मग त्यांनी एक डोळा मिटून बांधली.

सुतारानं जुनी खिडकी भिंतीच्या कलानं तासली होती.
वाकड्यात वाकडी चपखल बसली,
म्हणून छत्तीस वर्षं कुणाला कळलं नाही.

उजवीकडं पण फट आहे बघा, नावेद म्हणाला,
तिकडं मुद्दाम ठेवलीय. बोटभर, सारखी.
मे महिन्यात ही फुगते.
आवळून बसवली तर वाकेल.
माया, मी म्हटलं.
काय?
शिलाईच्या आत ठेवतो ते जास्तीचं कापड.
अंग भरलं की उसवून सोडायला.
हां, म्हणाला, तेच.

डावीकडं त्यानं रुंद पट्टी मारली,
झाकून गेलं.
पाकीट मी त्याच्या हातात दिलं,
मोजून घे म्हटलं. त्यानं मोजलं नाही.

सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं.
थोडी धूळ आलीच होती.
कुठून, ते बघायला
मी उदबत्ती पेटवली नाही.